शाळेच्या पाटीवरचा वॉल्टर पेटन: खेळाडूच्या मागे नक्की काय उरतं?

मैत्रेयी_शिकागो
शनिवार, सकाळी ९:१०

लेकीला यंदा नववीसाठी वॉल्टर पेटन कॉलेज प्रेपमध्ये प्रवेश मिळाला. शिकागो शहराची सरकारी शाळा, पण प्रवेश गुणांवर, त्यामुळे दोन महिने घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. आई सध्या वाईहून आली आहे. तिला शाळा दाखवायला घेऊन गेलो. तिने पाटी वाचली आणि विचारलं, "हे पेटन कोण? शिक्षणसंस्था काढली होती का त्यांनी?" मी म्हटलं, नाही गं, इथल्या फुटबॉलमधले मोठे खेळाडू. ती पायरीवरच थांबली. "चेंडू घेऊन पळणाऱ्या माणसाचं नाव शाळेला? मग काहीतरी असणार त्यांच्यात. काय होतं?"

मला सांगता आलं नाही. अकरा वर्षं या गावात राहते, त्याच्या ३४ नंबरची जर्सी घातलेले लोक रोज बघते, तरी नाही.

मग चार रात्री वाचत बसले. जन्म मिसिसिपीतल्या कोलंबिया नावाच्या छोट्या गावात. १९७५ ते १९८७ असे तेरा हंगाम एकाच संघासाठी, शिकागो बेअर्ससाठी खेळला. निवृत्त झाला तेव्हा चेंडू घेऊन धावण्याचा एनएफएलमधला (इथली व्यावसायिक फुटबॉल लीग) विक्रम त्याच्या नावावर होता, १६,७२६ यार्ड. १९९९ च्या फेब्रुवारीत पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की यकृताचा दुर्मीळ आजार झालाय, प्रत्यारोपणाची गरज आहे. १ नोव्हेंबर १९९९ ला गेला. पन्नाशीही गाठली नाही.

शाळा २००० साली उघडली. इलिनॉय विद्यापीठाच्या इथल्या रुग्णालयात त्याच्या नावाचं यकृत केंद्र आहे. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला एनएफएल दरवर्षी जो पुरस्कार देते, त्यालाही १९९९ पासून त्याचंच नाव आहे.

प्रश्न असा: विक्रम तर २००२ मध्ये एमिट स्मिथने मोडला. मग हे बाकीचं सगळं कशामुळे टिकलं? ज्यांनी त्याला खेळताना पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. आईला वाचून दाखवणार आहे.

रानवारा
शनिवार, सकाळी ९:३२

लेकीचं अभिनंदन! हा हाताने खेळायचा फुटबॉल ना? पाय फक्त पळायला. :) बसतो इथे, जाणकार येऊ देत.

जुना_शिकागोकर
शनिवार, सकाळी ११:०५

मैत्रेयी, आईंना नमस्कार सांग. मी १९७४ साली इथे आलो, म्हणजे पेटनच्या एक वर्ष आधी. तेव्हा आपली माणसं इतकी कमी होती की किराणा दुकानात कुणी मराठी बोललं तर लोक पिशव्या खाली ठेवून गप्पा मारत. ऑफिसात सोमवारी बोलायचं काय, हा मोठा प्रश्न असायचा. सगळे बेअर्सबद्दल बोलायचे आणि बहुतेक शिव्याच द्यायचे, कारण संघ वाईट होता. मी बोलता यावं म्हणून बघायला लागलो आणि मग सुटलंच नाही.

पेटनचा पहिला सामना आठवतो. आठ वेळा चेंडू हातात दिला, एकूण कमाई शून्य यार्ड. शून्य! माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, गेला हा पण वाया.

दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर १९७७, मिनेसोटाविरुद्ध सोल्जर फील्डवर. अंगात ताप, फ्लू झालेला. त्या दिवशी ४० वेळा चेंडू घेऊन गेला आणि २७५ यार्ड धावला. एका सामन्यातला तो विक्रम २००० सालापर्यंत कुणाला मोडता आला नाही. गंमत बघा, इतकं करून सामना किती फरकाने जिंकलो? १० विरुद्ध ७. म्हणजे त्याने निम्मे यार्ड कमी काढले असते तर हरलो असतो. ती सगळी वर्षं तशीच होती. एक माणूस गाडा ओढतोय आणि बाकीचे मागून चालताहेत.

पण मला तो आवडायचा तो वेगळ्याच कारणाने. समोरून पकडायला माणूस आला की बहुतेक धावपटू बाजूच्या रेषेबाहेर पाऊल टाकतात. मार वाचतो. पेटन बाहेर जायचा नाही. उलट शेवटच्या क्षणी खांदा किंवा हात पुढे करून त्याच माणसावर जायचा. पकडला तर जाणारच आहे, मग अजून अर्धा यार्ड मिळवून जाऊ. कॉलेजच्या प्रशिक्षकाने शिकवलेलं होतं म्हणे, सहजासहजी मरायचं नाही. आणि गोल झाला की नाच नाही, चेंडू आपटणं नाही. ज्या धिप्पाड गड्यांनी वाट करून दिली त्यांच्यातल्याच एकाच्या हातात चेंडू द्यायचा.

बाकी रात्री लिहितो. नातू आलाय.

लोकलकर
शनिवार, दुपारी १२:२०

१६,७२६ यार्ड म्हणजे किती ते काढलं. साधारण १५.३ किलोमीटर. तेरा वर्षांत चर्चगेटहून वांद्र्याच्या जरासं पुढे! आमचा माणूस रोज सकाळी जातो की हो. ;)

भाट्याचा_वारा
शनिवार, दुपारी १:४५

लोकलकर, हसलो, पण या १५ किलोमीटरमध्ये ३,८३८ थांबे आहेत हे लक्षात घ्या. इतक्या वेळा त्याने चेंडू हातात घेतला. सरासरी साडेचार यार्डांच्या आतच, म्हणजे चार मीटर. दर चार मीटरला शंभर-सव्वाशे किलोचा गडी अंगावर येतोय आणि जमिनीवर आपटतोय. उठायचं, परत रांगेत उभं राहायचं. विरारची गाडी संध्याकाळी सहाला दादरला पकडायची, ३,८३८ वेळा. :)

मी रत्नागिरीला मुलींच्या कबड्डी संघाला शिकवतो. अमेरिकेत कधी गेलो नाही, पण मोबाइलवर हा खेळ बघतो कारण आमच्या कामाचं पुष्कळ त्यात सापडतं. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू फेकून पुढे जाता येतं किंवा एकाच्या हातात देऊन पळवता येतं. तो पळणारा म्हणजे रनिंग बॅक, पेटन तो होता.

आमचा चढाईपटूही एकटाच सात जणांत जातो. मात्र त्याला मध्यरेषा असते. परत फिरायला जागा असते आणि चांगला चढाईपटू आधी परतीचा विचार करतो. पेटनच्या खेळात परत येणंच नाही. मागे गेलं की तोटा. मी त्याच्या जुन्या चित्रफिती बघतो तेव्हा पायांकडे बघतो. गुडघा न वाकवता पाय सरळ ताठ टाकत धावायचा, पकडणाऱ्याला अंदाजच येत नाही की पुढचं पाऊल कुठे. पकड करणारा नेहमी गुडघा बघून ठरवतो. गुडघाच वाकला नाही तर काय बघणार?

आणि एक. तो सराव वाळूत करायचा. मिसिसिपीत पर्ल नावाची नदी आहे, तिच्या काठच्या वाळूच्या चढावर. आम्हाला भाट्याचा किनारा आहे, म्हणून मला हे विशेष जवळचं.

शिल्पा_पुणे
शनिवार, दुपारी ३:००

वाचतेय. यकृताच्या आजाराबद्दल कुणी नीट लिहील का? मला कारण आहे विचारायला, नंतर सांगते.

सडेतोड
शनिवार, दुपारी ४:१५

मी या कौतुकात सामील होऊ शकत नाही. भाट्याचा_वारा यांनी ३,८३८ आपटण्याचं गणित मांडलं आणि सगळ्यांनी वा वा केलं. ते गणित उलटं वाचा. माणसाचं शरीर त्यासाठी आहे का?

पेटनच्याच संघात डेव्ह ड्युअरसन होता, १९८५ च्या विजेत्या संघातला बचावपटू. त्याने २०११ मध्ये आत्महत्या केली. मरण्याआधी निरोप ठेवला होता की माझा मेंदू संशोधनासाठी द्या. बॉस्टन विद्यापीठात तपासला तेव्हा वारंवार डोक्याला मार बसून होणारा मेंदूचा आजार त्यात सापडला. त्याच संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जिम मॅकमहन याला कमी वयात स्मृतिभ्रंशाने गाठलं.

आता हे ऐका. मैत्रेयीताईंनी ज्या पुरस्काराचा उल्लेख केला तो पेटनला १९७७ मध्ये मिळाला होता. आणि १९८७ मध्ये कुणाला? ड्युअरसनला. आज त्या पुरस्कारावर पेटनचं नाव आहे. त्याच खेळाने एकाला मानाचं पान दिलं आणि त्याच खेळाने दुसऱ्याचं डोकं आतून पोखरलं. खेळाडूच्या मागे काय उरतं, असा प्रश्न आहे ना? मग हेही मोजा.

जुना_शिकागोकर
शनिवार, संध्याकाळी ६:५०

सडेतोड, तुमचं खरं आहे. ड्युअरसन गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी टीव्ही बंद केला आणि त्यानंतरचे दोन हंगाम सामने बघितले नाहीत. आम्ही वर्षानुवर्षं सोफ्यावर बसून ज्या धडकांना टाळ्या वाजवल्या, त्या कुणाच्या तरी डोक्यात साचत होत्या. आता परत बघतो, पण पूर्वीसारखं नाही.

तरी पेटनबद्दलचं अर्धं राहिलंय ते लिहितो, कारण मैत्रेयीच्या आई वाट बघत असतील.

जानेवारी १९८६. न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. आमचा संघ ४६ विरुद्ध १० असा जिंकला. इतके गुण आणि पेटनच्या नावावर एकही टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) नाही. न्यू इंग्लंडवाल्यांनी सगळी ताकद त्याच्यावर लावली होती, त्यामुळे बाकीचे मोकळे सुटले. पण गोलरेषेपासून एक यार्डावर चेंडू असताना प्रशिक्षक डिटकांनी तो पेटनला न देता विल्यम पेरीला दिला. पेरी म्हणजे ज्याला सगळे 'रेफ्रिजरेटर' म्हणायचे तो अजस्र गडी. सगळ्या देशाला मजा वाटली. पेटन सामना संपल्यावर दुखावलेला होता. डिटकांनी पुढे अनेकदा कबूल केलं की ती आपली चूक झाली. मी तो सामना आठ-दहा मराठी कुटुंबांबरोबर एका तळघरात बघितला. बायकांनी बटाटेवडे केले होते. जिंकल्यावर सगळे ओरडत होते आणि आमच्या घरची एकदम म्हणाली, "पण त्याला का नाही दिला?" तिला खेळाचे नियम येत नव्हते. तिला एवढं कळलं होतं.

शेवटचा सामना जानेवारी १९८८, वॉशिंग्टनविरुद्ध, आमच्याच मैदानावर. २१ विरुद्ध १७ ने मागे. चौथा प्रयत्न, आठ यार्ड हवेत. चेंडू पेटनकडे आला. सात यार्ड गेला आणि त्याला रेषेबाहेर ढकललं. एक यार्ड कमी. आयुष्यभर जो माणूस स्वतःहून रेषेबाहेर गेला नाही, त्याची अखेर अशी. सगळं संपल्यावर तो बाकावर डोकं हातात धरून बसून राहिला. मैदान रिकामं होत होतं, तो बसलेलाच. मी आता ७७ वर्षांचा आहे, ते दृश्य अजून गेलेलं नाही.

रानवारा
शनिवार, संध्याकाळी ७:१०

काका, एक यार्ड. बाप रे.

लोकलकर
शनिवार, संध्याकाळी ७:२२

सकाळची वांद्र्याची उपमा मागे घेतो. काका, अजून लिहा.

डॉ_अनघा
शनिवार, रात्री ९:३०

शिल्पाताई, मी पोटविकारांची डॉक्टर आहे, नाशिकला. पेटनला झालेल्या आजाराचं नाव प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलांजायटिस. यकृतात तयार झालेलं पित्त ज्या बारीक नळ्यांमधून वाहतं त्या नळ्यांना सूज येते, व्रण होऊन त्या कडक आणि अरुंद होत जातात. मण्यांच्या माळेसारख्या दिसतात तपासणीत. पित्त तुंबतं, कावीळ होते, अंगाला असह्य खाज सुटते, वजन उतरतं. हळूहळू यकृत निकामी होतं. नक्की कारण सापडलेलं नाही. मोठ्या आतड्याच्या सुजेचा विकार असणाऱ्यांत जास्त दिसतो. आजार थांबवणारं खात्रीचं औषध नाही, म्हणून शेवटी प्रत्यारोपण.

पेटनच्या बाबतीत १९९९ च्या सुरुवातीला तो मुलाच्या कॉलेज निवडीच्या कार्यक्रमात इतका खंगलेला दिसला की लोकांत चर्चा सुरू झाली. म्हणून त्याला सर्वांसमोर सांगावं लागलं. त्या पत्रकार परिषदेत तो रडला, घाबरलोय म्हणाला. मी तेव्हा शिकत होते. एवढा दणकट माणूस घाबरलोय म्हणतो, हे मला रुग्णांशी बोलताना पुढे फार उपयोगी पडलं.

पुढे पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचं निघालं. या आजारात तो धोका असतोच. कर्करोग पसरलेला असला की प्रत्यारोपण करता येत नाही, कारण नवीन यकृत शरीराने स्वीकारावं म्हणून जी औषधं देतात ती प्रतिकारशक्ती दाबतात आणि कर्करोग आणखी फोफावतो.

पिंपळपान
शनिवार, रात्री १०:०५

त्याच्यावर २०११ मध्ये एक मोठं चरित्र आलं, त्यात खेळताना घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, निवृत्तीनंतरची निराशा, घरातला दुरावा असं बरंच होतं. शिकागोत खूप राग उसळला होता. गोळ्यांनीच यकृत गेलं असणार, उघड आहे. बाकी देव्हाऱ्यात बसवण्याआधी हेही वाचा एवढंच म्हणणं.

डॉ_अनघा
शनिवार, रात्री १०:२०

पिंपळपान, वेदनाशामकांनी यकृताला इजा होते हे बरोबर, पण ती इजा वेगळी. हा पित्तनलिकांचा आजार गोळ्यांनी होतो असा पुरावा नाही. कृपया इथे वाचणाऱ्या रुग्णांच्या मनात 'आपण काही केलं म्हणून हे झालं' असं येऊ देऊ नका. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हाच अपराध मनात घेऊन येतात.

पिंपळपान
शनिवार, रात्री १०:४१

मान्य, माझं वाक्य चुकलं. शब्द मागे. निराशेबद्दलचं मात्र ठाम आहे. पस्तिशी उलटायच्या आत काम संपतं आणि आयुष्य अर्ध्याहून जास्त उरलेलं असतं. त्याने मोटार शर्यतींचा संघ चालवून बघितला, सेंट लुईसला एनएफएलचा नवा संघ आणायचा प्रयत्न केला तो फसला. रविवारी साठ हजार लोक नाव घेत होते आणि सोमवारपासून कुणी नाही. हे चरित्रात आलं म्हणून त्याचा अपमान झाला असं मला वाटत नाही. उलट तो मला जवळचा वाटायला लागला.

जुना_शिकागोकर
शनिवार, रात्री ११:१५

मला त्या चरित्राचा राग आला होता. आज पिंपळपान यांचं वाचून वाटतं की राग आपल्यावरच होता. आम्ही त्याला हसताना बघितलं. तो होताच खोडकर. खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली दबलेला असताना पंचाच्या बुटाची नाडी सोडायचा, संघाच्या कार्यालयात बायकी आवाजात फोन उचलायचा. तो हसतोय म्हणजे बरा आहे, असं धरून चाललो.

वऱ्हाडी_झटका
रविवार, सकाळी ८:०५

थोडं अवांतर. डॅलसला राहतो. मुलगा दहावीत आहे, शाळेच्या संघात जाऊ का विचारतोय. बायको नाही म्हणते. हा धागा वाचून तर माझाही पाय मागे येतोय. काय करावं?

सडेतोड
रविवार, सकाळी ८:३०

माझं मत कळलंच असेल. कमरेच्या पट्टीची फीत ओढायची, धडक नाही, असा फ्लॅग फुटबॉल आहे. पळणं, चकवणं, फेकणं सगळं त्यात येतं. त्याला तो दाखवा.

भाट्याचा_वारा
रविवार, सकाळी ९:१२

सडेतोडशी सहमत, आणि मी स्वतः अंगाला अंग लागणारा खेळ शिकवतो. आमच्याकडेही गुडघे जातात, खांदे निखळतात. डोक्याचा मार मात्र वेगळा, तो दिसत नाही. मुलगी पडल्यावर "काही नाही सर" म्हणते आणि आपण खेळू देतो, तिथेच चूक होते. आता मी बसवतो. आईवडील भांडले तरी बसवतो.

नीलमोहर
रविवार, सकाळी ११:००

एक बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. पेटन काळा होता आणि मिसिसिपीचा. त्याच्या गावात काळ्या मुलांची जेफरसन शाळा वेगळी आणि गोऱ्यांची कोलंबिया शाळा वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये मिसिसिपीतल्या शाळा आता लगेच एकत्र करा असं बजावलं आणि १९७० मध्ये त्या एकत्र झाल्या. त्या वर्षी एकत्र झालेल्या संघात पेटन खेळला. आदल्या वर्षापर्यंत जे लोक शेजारी बसत नव्हते, ते एकाच पोरासाठी उभे राहून ओरडले. त्याने द्वेष संपला असं नाही, पण ते घडलं.

बरं, तो शाळेत आधी फुटबॉल खेळतच नव्हता! थोरला भाऊ एडी संघात होता म्हणून हा बँडमध्ये ढोल वाजवायचा. भाऊ शाळेतून बाहेर पडल्यावर मैदानात उतरला.

नंतर तो जॅक्सन स्टेट या काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात गेला, १९७१ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९७० मध्ये, त्याच आवारात पोलिसांनी वसतिगृहावर गोळीबार केला होता, दोन तरुण गेले. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या ती घटना सगळ्यांना ठाऊक असते, ती याच्या अकराच दिवस आधीची. जॅक्सन स्टेट कुणाला आठवत नाही. पेटन त्या आवारातून वर आला. मैत्रेयी, आईंना हे सांगच. शाळेच्या पाटीवर त्याचं नाव असण्याला मला हाच अर्थ दिसतो. ज्याच्या लहानपणी शाळेचं दार रंग बघून उघडायचं, त्याच्या नावाच्या शाळेत आज तुझी लेक गुणांवर गेली.

मैत्रेयी_शिकागो
रविवार, दुपारी १:३०

नीलमोहर, हे वाचून दाखवताना माझा आवाज अडकला. आई म्हणाली, पुन्हा वाच.

तिचा डॉक्टरांना एक प्रश्न आहे. "एवढा नावाजलेला माणूस, मग त्याला कुणी यकृत कसं दिलं नाही?"

डॉ_अनघा
रविवार, दुपारी २:४०

मावशी, नाव बघून यकृत देत नाहीत, आजार किती वाढलाय ते बघतात. त्याचं नाव यादीत होतं. पण कर्करोग पसरल्याचं कळलं आणि मग कुणी दिलं असतं तरी उपयोग नव्हता. जे यकृत त्याला लागलं असतं ते यादीतल्या पुढच्या माणसाला गेलं. त्याने मात्र लोकांना अवयवदानाची नोंद करा म्हणून सांगितलं, आणि त्याच्या पाठीमागे घरच्यांनी ते काम चालू ठेवलं.

शिल्पा_पुणे
रविवार, दुपारी ४:५५

आता सांगते. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार. २९ वर्षांचा असताना निदान झालं. मी यकृताचा भाग द्यायला तयार होते, तपासण्या झाल्या आणि माझा भाग त्याला पुरेसा होणार नाही असं निघालं. मग पुण्याच्या झेडटीसीसीच्या (दान केलेले अवयव कुणाला द्यायचे ते ठरवणारी विभागीय समिती) यादीत नाव. सात महिने. या सात महिन्यांत मी फोन कधी बंद केला नाही, अंघोळीला जाताना बाहेर स्टुलावर ठेवून दार किलकिलं ठेवायचे. तो रात्रभर अंग खाजवायचा, आई त्याच्या पाठीवर थंड पाण्याचे पंचे ठेवायची. दोनदा बोलावणं आलं आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा झालं. कुणाचं ते सांगत नाहीत. एवढंच कळलं की तरुण मुलगा होता, अपघात, मेंदू मृत झालेला. त्याच्या घरच्यांनी त्या अवस्थेत हो म्हटलं.

आज भाऊ बरा आहे. हार्डवेअरचं दुकान चालवतो, माझ्याशी भांडतो. पेटनचं नाव मी काल पहिल्यांदा ऐकलं. फुटबॉल मला काहीच कळत नाही. पण १९९९ मध्ये, जेव्हा कुणी या आजाराचं नाव घेत नव्हतं, तेव्हा एका पहिलवानासारख्या माणसाने कॅमेऱ्यासमोर रडून सांगितलं की मला हे झालंय. माझ्या भावाने सहा महिने मित्रांना सांगितलं नव्हतं, लाजेने. लोकांना वाटेल दारू पितो. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

सडेतोड
रविवार, संध्याकाळी ५:३०

शिल्पाताई, भावाला माझा नमस्कार सांगा.

मी काल लिहिलं त्यातलं काही मागे घेत नाही. फक्त एक लक्षात आलं. एकाच संघातले दोघे. एकाने लोकांना अवयव द्या म्हणून सांगितलं, दुसऱ्याने स्वतःचा मेंदू देऊन टाकला. दोघांनाही ठाऊक होतं की आपल्याला त्याचा उपयोग होणार नाही, असं लिहिणार होतो. पण पेटनला सुरुवातीला आशा होती, तेव्हा तसं लिहिणं बरोबर नाही. असो. शाळेला नाव आहे ते राहू द्या.

डॉ_अनघा
रविवार, संध्याकाळी ६:१०

एक सूचना. भारतात नोंदणी केली, कार्ड खिशात असलं, तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागतेच. म्हणून घरी बोलून ठेवा. आज जेवताना बोला. शिल्पाताईंच्या भावासाठी ज्यांनी हो म्हटलं त्यांना तो निर्णय आयुष्यातल्या सर्वांत वाईट तासात घ्यावा लागला.

जुना_शिकागोकर
रविवार, रात्री ८:२०

आर्लिंग्टन हाइट्सला एक टेकाड आहे, कचऱ्याच्या भरावाचं. पेटन हंगाम नसताना तिथे चढ-उतार करायचा. बाकीचे खेळाडू हौसेने बरोबर यायचे आणि थोड्या वेळात गवतावर ओकत बसायचे. आता तिथे गोल्फचं मैदान झालंय, टेकाड आहे तसं आहे. मैत्रेयी, आई परत जायच्या आत घेऊन ये. मी येतो.

मैत्रेयी_शिकागो
रविवार, रात्री ९:००

नक्की काका. पुढच्या शनिवारी. आई म्हणते वाईला रोज मेणवलीपर्यंत चालते, टेकाडाचं काय घेऊन बसलात.

भाट्याचा_वारा
मंगळवार, सकाळी १०:४०

काल पहाटे मुलींना किनाऱ्यावर घेऊन गेलो. नेहमी ओल्या वाळूत पळवतो, काल वरच्या कोरड्या वाळूच्या चढावर. आधी त्यांना पेटनचं सगळं सांगितलं, ढोल, नदी, शून्य यार्ड, शेवटचा एक यार्ड. एकीने विचारलं, सर, तो रेषेबाहेर का जात नव्हता, मार वाचला असता की. मी म्हटलं, तू पळ, मग सांगतो. बारा फेऱ्या ठरल्या होत्या. दहावीला सगळ्या बसल्या. ती उठली, दोन फेऱ्या एकटीने पूर्ण केल्या, आणि उत्तर न मागता घरी गेली.